हिची पत्रं वाचायची असतात

आमच्या ऑफिसात पाण्याचे मीटर तपासतात. घराघरांतून काढून आणलेले मीटर एका लांब ओट्यावर ओळीने जोडायचे, त्यांतून मोजून पाणी सोडायचं आणि कोणता मीटर खोटं बोलतो ते बघायचं. मी त्यातलं काही करत नाही. मी कॉम्प्युटर सांभाळतो. माझी खोली ओट्याला लागून आहे, त्यामुळे दिवसभर भिंतीपलीकडून टिकटिक ऐकू येते आणि कपड्यांना ओल्या रबराचा वास लागतो. बायको म्हणते, तुम्ही दारात आलात की मी आधी नळ बंद आहे का बघते.

माझी मेल मी अजून काळ्या स्क्रीनवर वाचतो. चित्रं नाहीत, रंग नाहीत, माउस लागत नाही. नुसती अक्षरं आणि सगळा कारभार कळांवर. स्टोअर सांभाळणाऱ्याला आमच्याकडे सगळे कॅप्टन म्हणतात, कारण एकच माणूस वॉशर मागायला आला तरी हा त्याला रांगेत उभं करतो. हा कॅप्टन येता-जाता माझ्या खोलीत डोकावून म्हणणारच, "काय, पाटीवर अभ्यास चाललाय वाटतं!" म्हणू दे. या प्रोग्रॅमचं असं आहे की त्याला सगळं आपण शिकवायचं असतं. एक सेटिंगची फाइल असते, तिच्यात एका ओळीत एक नियम लिहायचा. अमक्याचं पत्र असेल तर तमक्या फोल्डरात ठेव. प्रोग्रॅम वरून खाली वाचत येतो आणि पहिला लागू पडेल तो नियम धरतो. आपण सांगितलं नाही ते तो करत नाही. माणसांपेक्षा मला तो बरा वाटायचा, तो यामुळेच.

आता ज्या नियमाची मला लाज वाटते, तो सांगून टाकतो.

ताई माझ्याहून बरीच मोठी. दुसऱ्या गावी एकटी राहते. दाजी गेले, मूलबाळ नाही. जन्मभर टायपिस्ट होती, त्यामुळे बोटांना अजून चैन नाही. आई गेली तेव्हापासून ती मला रोज मेल पाठवायला लागली. ती त्याला पत्रच म्हणते. जिन्यातला दिवा गेला. खालच्यांचं मांजर बादलीत तोंड घालतं. प्लंबरने नळ नीट केला आणि भिंत फोडून गेला. सुरुवातीला मी सगळं वाचायचो. मग वरवर वाचायला लागलो. मग नियम लिहिला. ताईचं पत्र आल्या आल्या एका फोल्डरात जाईल आणि त्याच्यावर आपोआप 'वाचलं' अशी खूण पडेल, म्हणजे इनबॉक्स उघडल्यावर डोळ्यांना टोचायला नको. त्याच फोल्डरात टायरच्या जाहिराती जायच्या, सोसायटीची परिपत्रकं जायची. फोल्डरचं नाव मीच ठेवलं होतं, अडगळ.

आमचं भांडण झालं नव्हतं. असतं तर मी तोंड वर करून काही सांगू तरी शकलो असतो. मला कंटाळा आला होता, एवढंच.

एक दिवस साहेबांनी फर्मान काढलं. सर्व्हर भरत आलाय, ज्याने त्याने आपापली जुनी मेल आवरावी. मला असलं काम आवडतं, खोटं कशाला बोलू. मी सेटिंगची फाइल उघडली आणि सगळे नियम नव्याने लिहायला बसलो. पुरवठादारांची पत्रं एकीकडे, तक्रारी दुसरीकडे, बँकेची तिसरीकडे. ज्याला कुठेच जागा नाही त्याच्यासाठी शेवटी एक सरसकट नियम, अडगळ. प्रत्येक नियमाच्या डोक्यावर मी एक शेरा लिहितो, हा कशासाठी आहे ते. शेरा प्रोग्रॅम वाचत नाही. उद्या मी विसरलो तर माझ्यासाठी असतो तो.

मग अडगळ उघडली आणि एकेक पत्र जागी लावायला घेतलं. जतन करायची कळ दाबली की स्क्रीनच्या तळाशी प्रोग्रॅम विचारतो, या फोल्डरात ठेवू? आपण एंटर मारायचा. टायरवाला, अडगळ. एंटर. परिपत्रक, अडगळ. एंटर. मग ताईचं एक पत्र आलं आणि तळाशी उमटलं, 'ताई'.

असा फोल्डर मी केलेला नव्हता.

आधी माझाच मला राग आला. नियमांचा क्रम चुकला असणार, घाईत काहीतरी खरडलं असणार. फाइल परत उघडली. बँक आणि पुरवठादार यांच्यामध्ये एक ओळ होती. ताईचा पत्ता, पुढे फोल्डरचं नाव, ताई. डोक्यावर शेरा होता. 'हिची पत्रं वाचायची असतात .' पूर्णविरामाआधी एक जागा सोडायची मला खोड आहे. तीसुद्धा होती.

मी तो फोल्डर उघडला. भरलेला होता. ताईचं पत्र आणि त्याखाली त्याला दिलेलं उत्तर, परत तिचं पत्र, परत उत्तर, अशा जोड्या खालपर्यंत लागल्या होत्या. उत्तरं माझ्या नावाने होती. मी ती लिहिली नव्हती.

मग जे करायला हवं ते मी केलं. पासवर्ड बदलला. सर्व्हरच्या नोंदी काढून बघितल्या. उत्तरं माझ्याच मशीनवरून गेली होती, ऑफिसच्या वेळेत, मी याच खुर्चीवर बसलेला असताना. कॅप्टनवर संशय घ्यावा तर त्याला स्वतःचा पासवर्ड आठवत नाही, तो मला विचारतो. बायको माझ्या ऑफिसात कधी आलेली नाही. उरलो मी. भिंतीपलीकडे टिकटिक चालू होती. मी उत्तरं वाचायला लागलो.

मांजराबद्दल लिहिलं होतं, "त्याला हाकलू नकोस ताई. आई गेल्यापासून तुझ्याशी रोज भांडणारं तेवढंच एक उरलंय." मी मोठ्याने हसलो. कॅप्टनने डोकं आत घातलं. "पाटीवर विनोद येतात का हो?" मी काहीतरी सांगून त्याला घालवला. पुढच्या पत्रात लहानपणी ताईने माझ्या शाळेच्या शर्टाचं बटण स्वतःच्या फ्रॉकचं काढून लावलं होतं, त्याबद्दल होतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मला आठवतही नव्हतं. वाचताना आठवलं. ही उत्तरं माझ्यासारख्या कुणी लिहिलेली नव्हती, मीच लिहिलेली होती, फक्त मी इतका चांगला कधी नव्हतो.

मी ती ओळ फाइलमधून पुसली. फोल्डर उडवला. दुसऱ्या दिवशी दोन्ही जागेवर होती, आणि एक नवीन जोडी.

जेवणाच्या सुट्टीत मी जिन्यात जाऊन ताईला फोन लावला. कित्येक महिन्यांत लावला नव्हता.

"अरे! आज फोन कसा केलास?" ती म्हणाली. "पत्र येईलच की दुपारी. कालचं वाचून मी एकटी हसत बसले होते. खालची विचारायला आली, काय झालं म्हणून. मी तिला वाचूनच दाखवलं. तर म्हणते कशी, असा भाऊ मिळायला नशीब लागतं."

इथे बोलायला हवं होतं. ताई, तो मी नाही. मी तुझी पत्रं टायरच्या जाहिरातींत टाकतो. एवढी दोन वाक्यं.

"त्यात काय एवढं," मी म्हणालो.

"नाही कसं? रोज लिहितोस. लोकांची सख्खी पोरं लिहीत नाहीत. आणि ऐक, डोळ्याच्या ऑपरेशनचं लिहिलंस ते वाचून माझा जीव भांड्यात पडला. मला नुसती धडकी भरली होती रे, एकटीने जायचं म्हणून. पण तू आहेस बरोबर, मग काय!"

ऑपरेशनबद्दल मला काही माहीत नव्हतं. मी "हो हो" म्हणालो. फोन ठेवला आणि तिथेच पायरीवर बसलो. दुसऱ्याच्या पंगतीत बसून आयता जेवलो असं वाटत होतं. वरून ते पचतही होतं, याची जास्त लाज वाटली.

त्या दुपारी मी ठरवलं की यापुढे मी लिहायचं. मी स्वतः. 'प्रिय ताई' लिहिलं आणि अडलो. काय लिहायचं सुचेना. मांजर कसं आहे विचारलं. तब्येतीची काळजी घे लिहिलं. इकडे सगळं ठीक आहे लिहिलं. वाचून बघितलं तर सोसायटीचं परिपत्रक बरं. पण माझं होतं, म्हणून पाठवलं.

दुसऱ्या दिवशी तिचं उत्तर आलं. "काल दुपारी आधी एक पत्र आलं तुझं. बरं आहेस ना? तुझं वाटलं नाही. ऑफिसात कुणाला लिहायला सांगितलंस का? कामात असशील तर नाही लिहिलंस तरी चालेल रे. मग संध्याकाळच्या आत तुझं नेहमीसारखं आलं, तेव्हा बरं वाटलं."

पाठवलेल्या पत्राची एक प्रत प्रोग्रॅम आपोआप ठेवतो, ज्याला लिहिलं त्याच्याच फोल्डरात. मी 'ताई' उघडला. माझ्या पत्राची प्रत तिथे नव्हती. खालपर्यंत शोधलं, परत वर आलो. मग कुठून सुचलं कुणास ठाऊक, मी अडगळ उघडली. टायरच्या दोन जाहिरातींच्या मध्ये ते होतं. वाचलेलं म्हणून त्याच्यावर खूण होती.

कान गरम झाले. खोलीत कुणी नव्हतं, तरी मी इकडेतिकडे बघितलं.

बायकोला सांगून बघितलं. सगळं नाही. एवढंच म्हणालो की ताईच्या पत्रांना मी उत्तरं देत नव्हतो आणि तरी ती जाताहेत.

ती भांडी आवरत होती. "देत नव्हतात?" ती म्हणाली. "अहो, तुम्हीच तर मला वाचून दाखवता."

"कधी?"

तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "थकलात तुम्ही. थोडं पडा."

पण ऑपरेशनची तारीख जवळ आली तसा माझ्यात थोडा धीर आला. माझा हिशेब साधा होता. पत्रं कुणालाही लिहिता येतात. डोळ्यात थेंब घालायला हात लागतात. ताईला धरून जिन्यावरून उतरवायचं तर खांदा लागतो. ते या उत्तरं लिहिणाऱ्याकडे नाही. मी जाईन, तिच्यासमोर बसेन आणि सगळं सांगेन. रागावेल, रडेल. चार दिवस बोलणार नाही. पण थेंब मी घालीन. बहीण हातची जाण्याआधी एवढं एक करायचं, बाकी काही नको.

रजेचा अर्ज घेऊन साहेबांकडे गेलो. त्यांनी चष्मा वर केला. "परत कशाला? तुमची रजा मी मागच्या आठवड्यातच मंजूर केली. काय सुंदर अर्ज लिहिला होतात हो बहिणीबद्दल! मी आमच्या घरी वाचून दाखवला."

मी थँक यू म्हणालो.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी स्टँडवर गेलो. पहिली बस समोर लागली होती. मी चढलो नाही. गर्दी आहे असं स्वतःला सांगितलं. गर्दी नव्हती. ताईसमोर बसून पहिलं वाक्य काय बोलायचं ते जुळत नव्हतं, म्हणून ती बस मी सोडली. नंतरच्या बसमध्ये खिडकीशी बसून वाक्य जुळवत गेलो. ताई, मला माफ कर. ताई, एक सांगायचंय. ताई, ती पत्रं. शेवटपर्यंत एकही धड झालं नाही.

दवाखान्यात पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. फिनेलचा वास, पांढऱ्या फरशा, बाकावर एका डोळ्याला पट्टी बांधलेली म्हातारी माणसं. ताई त्यांत नव्हती. खिडकीतल्या बाईंना मी तिचं नाव सांगितलं.

त्यांनी मान वर केली आणि हसल्या. "काय हो, काही राहिलं का?"

"कुठे आहेत त्या?"

"असं काय करता? मघाशी तुम्हीच घेऊन गेलात ना त्यांना." त्यांनी एक कागद माझ्यासमोर फिरवला. पेशंटला घेऊन जाणाऱ्याची सही. सही माझी होती. "चष्मा विसरलात का? इथे नाहीये. रिक्षात बघा."

बाकावरची माणसं उघड्या डोळ्याने माझ्याकडे बघत होती. मी बाहेर आलो.

ताईची बिल्डिंग तिथून चालत जाण्याइतकी जवळ. जिन्यात दुपारची शांतता होती. कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. दुसऱ्या मजल्यावर एक करडं मांजर पायरीवर पसरलं होतं. मला बघून ते उठलं, अंग चोरून भिंतीला चिकटलं आणि मी पुढे जाईपर्यंत तसंच राहिलं.

ताईच्या दाराशी उभा राहिलो. आतून बोलण्याचा आवाज येत होता. ताई हसत होती. तिचं इतकं मोकळं हसणं मी शेवटचं ऐकलं ते आई होती तेव्हा.

मी बेल वाजवली.

हसणं थांबलं. "कोण आलंय रे?" ताई म्हणाली. "बघ ना जरा. मला डोळा उघडायचा नाहीये."

"तू पडून राहा. मी बघतो."

आवाज माझा होता. फोनवर ऐकू येतो तसा नाही. माझा मला आतून ऐकू येतो, तसा.

पावलं दाराकडे आली. डावा पाय जरा घासत, माझ्यासारखीच.

कडी निघाली. साखळी तशीच होती. दार फटीएवढं उघडलं.

मी मान खाली घातली होती. फटीतून पायजम्याची कड दिसली आणि एक अनवाणी पाऊल. मी ते ओळखलं. वर बघायचं माझ्याच्याने झालं नाही. भीती वाटली म्हणून नव्हे. खरंच सांगतो, भीती नंतर वाटली. तेव्हा फक्त लाज वाटली. ज्या घरात आपलं काही काम नाही तिथे दुपारच्या वेळी बेल वाजवल्यावर वाटते, तशी.

"कोण हवंय आपल्याला?" त्याने विचारलं. अगदी सभ्यपणे.

बसमध्ये जुळवलेलं सगळं डोक्यातून निघून गेलं.

"माफ करा," मी म्हणालो. "पत्ता चुकला."

"हरकत नाही," तो म्हणाला आणि दार हळूच लावलं. आवाज होऊ नये, आत पेशंट आहे, म्हणून.

मी एक पायरी उतरलो. दुसरी उतरवेना.

"कोण होतं रे?" आतून ताईने विचारलं.

"कुणी नाही गं. चुकून आले होते कुणीतरी."

"असं दारातून घालवू नये रे," ताई म्हणाली. "पाणी तरी विचारायचंस."